अपघाताचे गणित आणि 'सरासरी' मोटारगाडी

मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असते : गाडी भरधाव वेगात होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात नोंदले गेले आहेत. आता जरा विचार करा. हा रकाना भरणाऱ्या हवालदाराने गाडी धावताना पाहिलेली नसते. त्याच्यासमोर असतात रस्त्यावरचे काळे पट्टे, काचांचा चुरा आणि चेपलेला पत्रा. एवढ्यावरून वेग सांगता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. त्याचे गणित दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे नाही. पण त्या गणितात गाडीविषयीचे काही आकडे घालावे लागतात, आणि ते आकडे नेमके कोणत्या गाडीचे, कोणत्या देशातले, कोणत्या सालचे, यावर उत्तर अवलंबून असते. या आकड्यांचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आपण तो पाहू या आणि मधूनमधून नवी मुंबईतल्या कळंबोलीकडे येऊ या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो आणि लोखंड बाजारामुळे अवजड ट्रकांची तिथे अखंड वर्दळ असते. या विषयाला लागणारा सगळा मसाला त्या एका चौकात आहे.

सुरुवात सर्वांत सोप्या गणितापासून करू. चालकाने करकचून ब्रेक दाबला, चाके अडकली आणि गाडी घसरत जाऊन थांबली. रस्त्यावर टायरचे २५ मीटर लांबीचे पट्टे उमटले. गाडीची सगळी गतिज ऊर्जा घर्षणाने खाल्ली, असे धरले तर वेगाचा वर्ग = २ × घर्षण गुणांक × गुरुत्वत्वरण × अंतर. वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षण गुणांक ०.७ धरला तर वेग येतो सेकंदाला साडेअठरा मीटर, म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. रस्ता ओला असेल आणि गुणांक ०.४ धरला तर येतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ५० किलोमीटर. पट्टे तेच, गाडी तीच. त्या रस्त्यावर ६० ची मर्यादा असेल तर एका उत्तराने चालक गुन्हेगार ठरतो आणि दुसऱ्याने सुटतो. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे चाललेला असतो, तेव्हा ०.७ की ०.४ हा वाद पुस्तकी उरत नाही.

पण हे गणित गाडी कशालाही न धडकता थांबली असेल तरच पुरते. धडक झाली तर बरीचशी ऊर्जा पत्रा चेपण्यात खर्च होते. ती मोजायची कशी? इथून पुढचा इतिहास अमेरिकेत घडला.

न्यूयॉर्क राज्यात बफेलो येथे कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा होती. मूळचे काम विमानांचे. पुढे १९७२ मध्ये तिचे नाव कॅलस्पॅन झाले. तिथे रेमंड मॅकहेन्री या अभियंत्याने १९६० च्या दशकात मोटारीच्या हालचालींची समीकरणे संगणकावर सोडवायला सुरुवात केली. गाडी रस्ता सोडून उतारावर गेली, कठड्याला घासली, तर ती कशी वळेल, कशी उलटेल, हे आधी कागदावर कळावे हा हेतू. हे गणित खरे उतरते का, याची परीक्षा फार चमत्कारिक रीतीने झाली. मॅकहेन्री यांच्या गणितावरून पिळदार उतरंडी बांधल्या गेल्या आणि १९७२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदिस्त क्रीडागारात एक मोटार त्यांवरून उडून हवेत स्वतःभोवती पूर्ण फिरून पलीकडे चाकांवर उतरली. हीच कसरत १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन' या जेम्स बाँडपटात दिसते. थायलंडमध्ये ती एकाच फटक्यात चित्रित झाली. ज्यांनी चित्रपट पाहिला असेल त्यांना कदाचित ती ट्रिक फोटोग्राफी वाटली असेल. ती नव्हती. मात्र त्यासाठी चालकाचे आसन आणि सुकाणूचे चाक गाडीच्या मधोमध आणावे लागले, कारण एका बाजूला बसलेल्या माणसाच्या वजनानेही गुरुत्वमध्य सरकतो आणि फिरकी बिघडते. गणित बरोबर होते, कारण त्या एका गाडीचे आकडे अचूक मोजलेले होते.

अपघाताच्या तपासात नेमकी हीच चैन नसते. रोज शेकडो वेगवेगळ्या गाड्या धडकतात. प्रत्येकीचा गुरुत्वमध्य, जडत्वाचा आघूर्ण आणि पुढच्या भागाचा ताठपणा कोण मोजत बसणार?

ताठपणाच्या प्रश्नाला १९७४ मध्ये जनरल मोटर्सच्या केनेथ कॅम्बेल यांनी एक सुंदर उत्तर दिले. गाड्या भिंतीवर आदळून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष त्यांनी आलेखावर मांडले : एका अक्षावर धडकेचा वेग, दुसऱ्यावर पुढचा भाग किती आत चेपला ते. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. ताशी साताठ किलोमीटरपर्यंत कायमचा पोचा राहत नाही आणि त्यापुढे वेग वाढेल तसा पोचा त्याच प्रमाणात खोल जातो. विद्यार्थ्यांना हूकचा नियम आठवेल. फरक इतकाच की स्प्रिंग सोडली की परत येते आणि पत्रा परत येत नाही. पण पत्रा परत येत नाही म्हणूनच तर तो साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो!

म्हणजे गाडीच्या पुढच्या भागासाठी दोन आकडे पुरतात. एक, पोचा पडायला लागण्याआधीचा जोर. दुसरा, दर सेंटिमीटर पोच्यामागे वाढत जाणारा जोर. या दोन आकड्यांवरून आणि टेपने मोजलेल्या पोच्याच्या खोलीवरून ऊर्जा काढता येते, ऊर्जेवरून धडकेतला वेगबदल. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनासाठी कॅलस्पॅनमध्ये याच पायावर 'क्रॅश' नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार झाला. १९७९ पासून त्या देशात अपघातांच्या नमुन्यांची शिस्तीत नोंद होऊ लागली आणि धडकेतला वेगबदल काढण्यासाठी हेच गणित वापरात आले.

प्रत्येक गाडीचे आकडे नसल्यावर त्यांनी काय केले? गाड्यांचे वर्ग पाडले. कसोटी एकच : व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर. साधारण २०५ ते २४१ सेंटिमीटर असेल तर पहिला वर्ग, मिनी. २४१ ते २५८ असेल तर दुसरा, सबकॉम्पॅक्ट. असे करत सहावा वर्ग ३१३ सेंटिमीटरच्या पुढच्या आलिशान गाड्यांचा. प्रत्येक वर्गाला एक सरासरी वजन, एक सरासरी लांबी-रुंदी, ताठपणाचे एकेक सरासरी आकडे. तपासनिसाला गाडीची माहिती नसली तरी व्हीलबेस मोजून तो कोष्टकातून सगळे उचलू शकत असे. त्या 'सरासरी' गाडीचा असा जन्म झाला. ती कोणत्याही कारखान्यात बनलेली नाही, पण हजारो अपघातांच्या गणितात ती धडकलेली आहे.

आता हे कोष्टक आपल्या रस्त्यावर आणून पाहा. आपली अँबॅसडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिचा व्हीलबेस २४६ सेंटिमीटर. आपल्याकडे मंत्र्यासंत्र्यांची भारदस्त गाडी, अमेरिकन कोष्टकात मात्र सबकॉम्पॅक्ट! कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, २३४ सेंटिमीटर. मारुती ८०० साडेसतराशे नव्हे, २१७५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा नव्हे तर पावणेदोनशेच्याही पुढे, सुमारे २१८ सेंटिमीटर. दोन्ही गाड्या पहिल्या वर्गात. पण पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो आणि मारुतीचे सुमारे ६५०. त्या वर्गाची सरासरी गाडी साधारण १००० किलोची. पोच्यावरून काढलेली ऊर्जा तीच ठेवून ६५० ऐवजी १००० किलो वस्तुमान घातले तर वेग सुमारे १९ टक्क्यांनी कमी येतो. वर्गमूळ काढून पाहा. शिवाय मारुतीत चार मोठी माणसे बसली की वजन एकदम २४० किलोंनी वाढते, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या एकतृतीयांशाहून जास्त. जड अमेरिकन गाडीत चार माणसांनी एवढा फरक पडत नाही.

बरे, कोष्टक त्याच्या मायदेशात तरी टिकले का? नाही. ते मुळात १९७० च्या दशकातल्या गाड्यांवरून बनले होते. पुढे पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या, वेगळी चासी नसलेल्या, हलक्या गाड्या आल्या. १९७९ पासून अमेरिकेत ताशी ५६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळून घेतलेल्या चाचण्यांचे निकाल जाहीर होऊ लागले आणि त्यांत चांगले दिसावे म्हणून कारखान्यांनी गाड्यांची पुढची रचना बदलली. १९९६ मध्ये डोनाल्ड सिडल आणि टेरी डे या दोघांनी अमेरिकन मोटार अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध सादर केला. विषय रूक्ष : वाहनवर्गांची माहिती अद्ययावत करणे. पण काम मोलाचे होते. त्यांनी त्या वेळी रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे आकडे गोळा करून वर्गांच्या सरासऱ्या नव्याने काढल्या. अशा कामाला पुरस्कार मिळत नाहीत. मला मात्र ते एखाद्या नव्या समीकरणापेक्षा कमी वाटत नाही.

जुन्या आकड्यांनी चूक नेमकी किती होते, हे कळायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ते कळले एअरबॅगमुळे. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारी पेटी धडकेच्या क्षणांतला वेगबदल स्वतःच नोंदवून ठेवते. व्हर्जिनिया टेकचे नीहॉफ आणि गॅबलर यांनी २००६ मध्ये अशा गाड्यांतली नोंद आणि पोच्यावरून काढलेले उत्तर समोरासमोर ठेवले. 'क्रॅश'चा वंशज असलेला कार्यक्रम वेगबदल सरासरी २३ टक्क्यांनी कमी सांगत होता. कारण समजायला सोपे आहे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. जुन्या नरम गाडीला ताशी ५६ किलोमीटरला ६० सेंटिमीटर पोचा पडत असेल, तर पहिले ८ सोडून दर सेंटिमीटरला ०.८ किलोमीटर. नवी ताठ गाडी त्याच वेगाला ४५ सेंटिमीटरच चेपत असेल, तर दर सेंटिमीटरला सुमारे १.०७. अपघातात पोचा ४० सेंटिमीटर आहे. जुन्या कोष्टकाने उत्तर ४०, खरे उत्तर ५१ च्या आसपास. पुढे २००८ मध्ये वर्गाच्या सरासरीऐवजी शक्य तिथे त्या त्या गाडीच्या चाचणीचे आकडे घातले गेले आणि चूक २३ वरून सुमारे १३ टक्क्यांवर आली. समीकरणे जवळजवळ तीच होती.

आता कळंबोलीला येऊ. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. दुचाकी आणि तीनचाकींना त्यावर बंदी आहे, पण शीव-पनवेल मार्गावर आणि जुन्या पुणे रस्त्यावर त्या सर्वांबरोबर धावतात. २०१६ साली या एका द्रुतगती मार्गावर १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र कंपनीने मिळून मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. २०१९ मध्ये हा आकडा ९२ होता. त्याआधी २०१२ पासून कोइमतूरच्या जेपी रिसर्च इंडिया या संस्थेचे तपासनीस या मार्गावर अपघातांचा अभ्यास करू लागले होते : पट्टे मोजायचे, पोच्यांची खोली घ्यायची, गाडी कुठल्या बिंदूपासून कुठे गेली याचा नकाशा काढायचा. २०११ मध्ये मोटार कंपन्यांच्या सहभागाने 'रासी' नावाचा भारतीय अपघातांचा नमुना-संग्रह सुरू झाला होता. त्याचीच ही पद्धत. आपल्या अपघातांचे गणित आपल्या रस्त्यावर मांडण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणता येईल.

त्यात अडचण कोणती? सगळ्यात मोठी अडचण ट्रकची. अमेरिकन कोष्टक मोटारींचे आहे. द्रुतगती मार्गावरचा एक ठरलेला अपघात म्हणजे मोटार मागून ट्रकखाली घुसणे. भिंतीवरच्या चाचणीत गाडीचा बंपर आणि त्यामागचे मजबूत लोखंडी दांडे जोर घेतात. ट्रकचा मागचा आडवा दांडा कमकुवत असला किंवा नसलाच, तर ते दांडे ट्रकखालून सरळ आत जातात आणि धडक बसते ती काचेला आणि छताच्या खांबांना. हा भाग नरम. पोचा भयानक खोल दिसतो, पण तो पडायला तितकी ऊर्जा लागलेली नसते. इथे भिंतीच्या चाचणीचे आकडे वापरले तर उत्तर उलट्या दिशेने चुकते : वेग होता त्यापेक्षा जास्त दिसतो आणि मेलेल्या चालकाच्या नावावर अतिवेग लागतो. दांडा नसल्याचा दोष मात्र कोणाच्याच रकान्यात जात नाही.

शिवाय 'सरासरी ट्रक' काढायचा तरी कसा? आपल्याकडे कारखान्यातून कित्येकदा नुसती चासी बाहेर पडत आली. चालक डोक्याला फडके बांधून ती हजार किलोमीटर हाकत नेई आणि बॉडी कोणत्या तरी गावच्या कारागिराने लाकूड-लोखंडात बांधलेली असे. लांबी, उंची, मागचा दांडा, सगळे त्या कारागिराच्या हातचे. वजनाचे तर विचारूच नका. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेने तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. ट्रक तोच, पण गणितात घालायचे वस्तुमान एका दिवसात बदलले. लोखंड बाजारातून सळ्यांची बंडले घेऊन निघालेल्या ट्रकचे खरे वजन कळायला वजनकाट्याची पावतीच पाहावी लागते.

रिक्षेची कथा वेगळीच. तीन चाके, पुढे एकच. परदेशी कोष्टकात तिला रकानाच नाही. ती कशी उलटते, आतला माणूस कुठे आदळतो, याची संगणकीय प्रतिमाने दिल्लीच्या आय.आय.टी.त दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली. आपली वाहने आपणच मोजली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

इकडे काळ्या पट्ट्यांचा पुरावाही विरळ होत चालला आहे. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना आणि १२५ सी.सी.वरच्या दुचाकींना चाके अडकू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले. चाके अडकत नाहीत, तर ठळक पट्टे उमटत नाहीत. त्यांची जागा पेटीतली नोंद घेऊ लागली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा गाडीच्या कंपनीच्या अहवालावरून पोलिसांनी सांगितले की काही सेकंद आधी वेग १०० होता आणि धडकेच्या क्षणी ८९. असे उत्तर पेटी असलेल्या गाडीबाबतच मिळते. त्याच रस्त्यावरच्या जुन्या टेंपोसाठी, सायकलीसाठी टेप आणि कोष्टकच उरते. भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे तारे गाडी घेणाऱ्याला उपयोगी आहेत. तपासनिसाला मात्र तारे नकोत, पोचा आणि जोर यांचा आलेख हवा. दरम्यान पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, आणि बॅटरीवरच्या गाड्या आल्या आहेत : सांगाडा तोच, पण तळाशी काही शे किलोंची भर. व्हीलबेस मोजून हे कळणार नाही.

शिक्षकांना वर्गासाठी यातला एक आकडा स्वतः मोजता येईल. तपासनीसही हीच युक्ती वापरतात. जुन्या टायरचा हातभर तुकडा कापून घ्यावा, त्यात वाळूची पिशवी घट्ट बांधून एकूण वजन दहा किलो करावे आणि शाळेच्या आवारातल्या किंवा रहदारी नसलेल्या डांबरी रस्त्यावर स्प्रिंगच्या काट्याने सावकाश, आडवे ओढावे. तुकडा एकसारखा सरकत असताना काटा सात किलो दाखवत असेल तर घर्षण गुणांक ०.७. मग बादलीभर पाणी ओतून पुन्हा. वाळू पसरून पुन्हा. आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर, रस्त्यावरची उन्हाळाभराची धूळ आणि तेल धुऊन जाण्याआधी, आणखी एकदा. तो आकडा ऑगस्टमधल्या धुतलेल्या ओल्या रस्त्यापेक्षा कमी येण्याचा संभव आहे. दोन्ही तारखांसह वहीत लिहून ठेवावेत.